मुंगी दिसेल अशी फरशी



गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळातल्या तिघीचौघींनी मला एकच प्रश्न विचारला. "काकू, तुमची गॅरेजची खोली पाहिली. आम्हालाही गॅरेज रिकामं करून खोली करायची आहे. दुकानदार म्हणतो विनाईल टाइल टाका, दोन दिवसांत काम होतं. टाकू का?" प्रत्येकीला फोनवर थोडं थोडं सांगितलं, पण पूर्ण सांगायचं राहून गेलं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे जमिनीलगतच्या गॅरेजमध्ये खालची ओल थांबवल्याशिवाय विनाईल टाकू नका. आणि फरशी कोणतीही घ्या, ती अशी असावी की तिच्यावर चालणारी मुंगी उभ्याने दिसली पाहिजे. पहिली गोष्ट मी पैसे घालवून शिकले. दुसरी शिकायला त्याहून मोठी किंमत पडली, ती पुढे सांगते.

आमचं गॅरेज म्हणजे १० बाय १८ फुटांची, पुढे पत्र्याचं शटर असलेली जागा. गाडी विकली त्याला सहा वर्षं झाली. डोळ्यांमुळे यांनी गाडी चालवणं सोडलं. गाडी गेली आणि दोन महिन्यांत ती जागा भरली. जुना कूलर, मुलाची सायकल, लग्नातल्या पातेल्यांचे संच, तुटकी खुर्ची, रद्दी. परिग्रहाच्या यादीत आपल्याकडे क्षेत्र आणि वास्तू अगदी सुरुवातीला येतात. दशलक्षणात आकिंचन्य धर्मावरचं प्रवचन ऐकताना मला दरवर्षी ते गॅरेज आठवायचं आणि मी मान खाली घालून बसायचे.

तीन वर्षांपूर्वी एकदाचं ते रिकामं केलं. दुपारी चारपाच जणींनी बसून स्वाध्याय करावा एवढाच विचार होता. खाली जुना सिमेंटचा कोबा होता, त्यावर ऑइलचे डाग. मुलगा पुण्याला असतो. त्याने मोबाईलवर विनाईल टाइलचे फोटो पाठवले. हुबेहूब लाकडी फळ्या! मागे कागद काढायचा आणि चिकटवायची. तोडफोड नाही, धूळ नाही, मला फार आवडलं. नक्षीचं नाव होतं 'बर्मा टीक'. आमचे हे हसले. म्हणाले, "आलापल्लीचं सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना गेलं, आणि आपण चंद्रपुरात बसून प्लास्टिकवर छापलेला सागवान विकत घेतोय." २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून ते लाकूड मिरवणुकीने गेलं होतं, तुम्हाला आठवत असेल.

दोन दिवसांत फरशी झाली, खोली उजळली. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात श्रावणात एका कोपऱ्यातल्या टाइलचं टोक उचललं गेलं. मी त्यावर वरवंटा ठेवला. आठवड्याने शेजारची उचलली. तिच्यावर पाय पडला की खालून चिकट आवाज यायचा. शेवटी एक दिवस मी ती टाइल धरून वर ओढली.

खाली काय होतं ते लिहिताना अजूनही बरं वाटत नाही. कोबा काळपट ओला होता. बुरशीचे ठिपके होते. भिंतीकडच्या फटीतून मुंग्या आत शिरल्या होत्या, त्यांची पांढरी अंडी होती, कसर होती. आणि गोंदाच्या थरात चिकटून मेलेले कितीतरी बारीक जीव. त्या टाइलवर मी रोज सकाळी शास्त्र उघडून बसत होते. जिवांवर दया करावी हे त्यांच्याच डोक्यावर बसून मी वाचत होते.

मी त्या दिवशी मंदिरात जाऊन आले, कायोत्सर्ग केला, दुसऱ्या दिवशी उपवास केला. पण प्रायश्चित्ताचा अर्थ पुन्हा तेच न करणं हाही असतो. म्हणून हे झालं कशामुळे ते समजून घ्यायचं ठरवलं. मी बी.कॉम. झालेली बाई, बांधकामातलं मला काही कळत नव्हतं. पण हिशेब विचारायची सवय आहे. तीच कामाला आली.

विनाईल म्हणजे पीव्हीसी. आपल्या नळाच्या पाइपचाच भाऊ. मुळात हे प्लास्टिक कडक असतं. १९२६ च्या सुमारास अमेरिकेत वाल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाने ते मऊ करण्याची युक्ती शोधली, आणि १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विनाईलच्या फरश्या लोकांना दाखवल्या गेल्या. आज बाजारात ठोकळमानाने तीन प्रकार मिळतात. मागे गोंद असलेली पातळ टाइल, वेगळा गोंद लावून बसवायची थोडी जाड टाइल, आणि एकमेकींत अडकवून बसवायच्या कडक फळ्या, ज्यांना दुकानदार एसपीसी म्हणतो. त्यात दगडाची भुकटी आणि प्लास्टिक यांचं मिश्रण असतं. तिन्हींमध्ये वर छापील चित्राचा पापुद्रा आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर असतो. म्हणजे लाकूड दिसतं ते चित्र असतं.

हे सगळे प्रकार पाण्याने खराब होत नाहीत असं दुकानदार सांगतो, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. वरून पाणी सांडलं तर काही होत नाही. पण गॅरेजमध्ये पाणी वरून येत नाही, खालून येतं. आमच्याकडे मूलकडचे एक जुने मिस्त्री येतात. त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "काकू, खालून पाणी वर येते जी. वरून किती बी झाका." सिमेंटमध्ये बारीक छिद्रं असतात. दिव्याची वात जसं तेल ओढते तसं सिमेंट जमिनीतली ओल वर ओढतं. उघडा कोबा असेल तर ती ओल हवेत उडून जाते, आपल्याला कळतही नाही. वर प्लास्टिकचं झाकण घातलं की तिला जायला वाट उरत नाही. मग ती गोंद सोडवते, बुरशी धरते, आणि ओल जिथे तिथे जीव.

घराच्या खोल्यांखाली जोतं असतं, भराव असतो. गॅरेज मात्र बहुतेक घरांत जोत्याच्या खालीच, अंगणाच्या पातळीला असतं. गाडीसाठीच करायचं म्हणून पातळ कोबा टाकून मोकळे होतात. त्यात आपल्याकडे बऱ्याच भागात काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरचा कोबा तडकतो. वर मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे. पत्र्याच्या शटरमागची बंद खोली कशी तापते ते मी सांगायला नको. प्लास्टिक तापलं की वाढतं, गार झालं की आकसतं. म्हणून त्या अडकवायच्या फळ्या बसवताना भिंतीच्या कडेने काही मिलिमीटरची फट मुद्दाम सोडावी लागते आणि ती वरून पट्टीने झाकतात. दुकानात ही सोय म्हणून सांगतात. मी ती फट पाहिली आणि मला तिथे मुंग्यांचा राजमार्ग दिसला. अंधारी, ऊबदार, कधी झाडू न पोचणारी जागा.

ज्यांना गॅरेजात गाडीही ठेवायची आहे त्यांच्यासाठी आणखी एक. टायरच्या रबरातली काही द्रव्यं विनाईलमध्ये उतरतात आणि पिवळट-तपकिरी डाग पडतो. तो वरचा मळ नसतो, पुसून जात नाही. रबर लावलेली पायपुसणी किंवा वॉकरचे रबरी पाय एकाच जागी फार दिवस राहिले तरी हेच होतं.

वॉकरचा विषय निघाला कारण या सगळ्यात आमच्या मोठ्या जाऊबाई आल्या. त्या देसाईगंजला म्हणजे वडशाला एकट्या राहायच्या. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या दिवाळीत त्या अंगणात शेवाळावरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला शस्त्रक्रिया झाली, मग तिथेच लेकीकडे राहिल्या. पण लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. मंदिर लांब. त्यांनी मला फोन केला, "तुझ्याकडे खाली एखादी खोली आहे का गं?" आमच्या झोपायच्या खोल्या वर आहेत. खाली बैठक, स्वयंपाकघर आणि ते गॅरेज. तिथल्या टाइल तोवर उखडून टाकल्या होत्या, नुसता गोंदाने बरबटलेला कोबा होता. मी म्हटलं, "आहे. दोन-तीन महिने द्या."

मुलगा पुन्हा तेच म्हणाला. आता नवीन एसपीसी घे, ते तसं नाही, गोंद लागत नाही, आठवड्यात काकू राहायला येतील. त्याचं मन चांगलं होतं आणि त्याच्या बोलण्यात तथ्यही होतं. विनाईलला नुसती नावं ठेवणं बरोबर नाही. ते पायाला गुळगुळीत चकचकीत टाइलपेक्षा कमी घसरतं, थंडीत पाय गारठत नाहीत, कुणी पडलं तर दगडापेक्षा मार थोडा कमी. माझ्या भाचीने पुण्यात सातव्या मजल्यावर तेच टाकलं आहे आणि छान आहे. सातव्या मजल्यावर खालून जमिनीची ओल येत नाही. वरच्या मजल्यावर, कोरड्या स्लॅबवर, भाड्याच्या घरात जिथे तोडफोड करता येत नाही, तिथे त्याचा विचार जरूर करावा. माझी हरकत आहे ती मातीवर बसलेल्या गॅरेजला.

म्हणून कुणाच्याही शब्दावर न जाता आधी घरी परीक्षा करा. जाड प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा घ्या, कोरड्या दिसणाऱ्या कोब्यावर ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक दिवस, एक रात्र तसाच राहू द्या. काढल्यावर खाली पाण्याचे थेंब असतील किंवा कोबा काळसर पडला असेल तर खालून ओल येते आहे. तीनचार ठिकाणी करा, भिंतीजवळ नक्की करा. आणि जमलं तर पावसाळ्यात करा, कारण उन्हाळ्यात सगळीच जमीन साधू असते. आम्ही दिवाळीनंतर केली, तरी चारपैकी तीन ठिकाणी थेंब आले. दुसरी परीक्षा पातळीची. मिस्त्रीचा लांब पाटा जमिनीवर आडवा धरा. दहा फुटांत पाच मिलिमीटरहून जास्त फट दिसली तर अडकवायच्या फळ्यांचे सांधे पुढे कुरकुरतात आणि तुटतात. गॅरेजला पाणी बाहेर जायला उतार दिलेलाच असतो, त्यामुळे खोली करताना तो सपाट करावाच लागतो. त्याचे पैसे दुकानदार आधी सांगत नाही.

आता हिशेब. हे आमच्या घरचे आकडे आहेत, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. जागा १८० चौरस फूट.

आधीची चिकटवायची टाइल मजुरीसह १२,००० रुपयांत झाली. टिकली दोन पावसाळे. गोंद खरवडून काढायला आणखी ३,००० लागले. म्हणजे १५,००० रुपये दोन वर्षांत, वर्षाला ७,५००. स्वस्त म्हणून घेतलेली ही फरशी आमच्या घरातली सगळ्यात महाग फरशी ठरली.

एसपीसीचा अंदाज असा आला. फळ्या १२० रुपये दराने २१,६००, जमीन सपाट करायचा लेप ७,२००, खालचा फोम आणि कडेच्या पट्ट्या ४,२००. एकूण ३३,०००. यात ओलीचा काहीच बंदोबस्त नाही.

आम्ही जे केलं त्याचा खर्च असा. जुना कोबा फोडून मलबा उचलणं ७,०००. मुरूम भरून ठोकणी, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर चार इंच काँक्रीट, मिळून २२,०००. दोन बाय दोनच्या खरबरीत टाइल ९,५००. बसवणं आणि सांधे इपॉक्सीने भरणं १०,५००. एकूण ४९,०००. वीस वर्षं धरली तर वर्षाला २,४५०. एसपीसी या खर्चाच्या बरोबरीत यायला ते साडेतेरा वर्षं टिकायला हवं. ओल्या जमिनीवर ते तेवढं टिकेल यावर मी पैसे लावणार नाही. पाच वर्षांत उखडलं तर वर्षाला ६,६०० पडतील, आणि उखडलेलं प्लास्टिक टाकायचं कुठे? आपल्याकडे ते कुणीतरी कोपऱ्यात पेटवून देतं. पीव्हीसी जळताना जो धूर निघतो तो विषारी असतो. कोळशाच्या धुळीत राहणाऱ्या आपल्या गावाला त्याची भर नको.

खर्चाएवढाच वेळेचा हिशेब महत्त्वाचा. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात. पाणी मारत राहावं लागतं. आम्ही माघात काम काढलं आणि चैत्रात संपवलं. पावसाळ्यात काढलं नाही हे मुद्दाम. मुनिमहाराज चातुर्मासात एका ठिकाणी का थांबतात? जमिनीवर जीव फार होतात म्हणून. मग त्याच दिवसांत आपण जमीन खोदायला का घ्यावी? माघ-फाल्गुनात जमीन कोरडी असते, जीव कमी सापडतात. मिस्त्रींनीही पहिल्या दिवशी माझ्यासाठी थांबून कडेचं दोन ठिकाणचं मुंग्यांचं वारूळ वाचवून खोदलं.

मुलगा इथेच मला अडवून म्हणाला, "आई, टाइल भट्टीत भाजतात, मुरूम खाणीतून येतो, सिमेंट गडचांदूरकडच्या डोंगरातला चुनखडी फोडून होतं. जीव तिथे मरत नाहीत का?" प्रश्न अगदी बरोबर आहे आणि तो मी टाळत नाही. आपण श्रावक आहोत, मुनी नाही. घर बांधणं, चूल पेटवणं यातली आरंभी हिंसा आपल्याला पूर्ण सुटत नाही. संकल्पी हिंसा सोडायची आणि बाकीची यत्नपूर्वक कमी करायची, एवढंच आपल्या हातात आहे. वीस वर्षांत एकदा कोरड्या दिवसांत खोदणं आणि दर पावसाळ्यात पायाखाली नकळत जीवांचं कोठार तयार करणं, या दोन्हींत मला फरक दिसतो. तुम्हाला दिसत नसेल तर तुमच्याशी माझं भांडण नाही.

दोन ठिकाणी निर्णय अवघड गेला. एक वाळवीचा. मिस्त्री म्हणाले, खाली औषध मारून घ्या, हा जंगलाचा मुलूख आहे. मला ते जमिनीत विष ओतणं मन घेईना. मग वाळवीला खायलाच काही ठेवायचं नाही असं ठरवलं. दाराला दगडी चौकट, दार लोखंडी, खिडकी ॲल्युमिनियमची, पलंग लोखंडी. पुस्तकांचं कपाट भिंतीपासून चार बोटं लांब. उद्या वाळवी येणारच नाही अशी हमी मी देत नाही, पण महिन्यातून एकदा कोपरे पाहते.

दुसरा प्रश्न विनाईलमध्ये काय काय असतं याचा. हे प्लास्टिक बनवताना ते यंत्राला चिकटू नये म्हणून स्टिअरिक आम्लाची संयुगं वापरतात. ती वनस्पती तेलापासूनही होतात आणि जनावरांच्या चरबीपासूनही. २०१६ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने पाच पौंडांची प्लास्टिकची नोट काढली आणि तिच्यात चरबीचा अंश असल्याचं पुढे आलं, तेव्हा तिथल्या हिंदू, जैन आणि शाकाहारी लोकांनी हरकत घेतली होती. बँकेने २०१७ मध्ये त्याच नोटा चालू ठेवायचं ठरवलं. घरात प्लास्टिक नाही अशी आपल्यापैकी कुणीच नाही, मीही नाही. पण देवघरासाठी किंवा स्वाध्यायाच्या खोलीसाठी घेत असाल तर दुकानदाराला विचारावं. आम्ही विचारलं. त्याला माहीत नव्हतं.

आता शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रंगाची.

मुनिमहाराज, आर्यिका माताजी चालतात ते चार हात जमीन पाहून, सूर्यप्रकाशात. ती ईर्यासमिती. आपल्याला तेवढं साधत नाही, पण घरात आपण दिवसभर चालतो. खाली पाहून चालायचं म्हटलं तरी खाली काही दिसायला तर हवं! त्या छापील सागवानात रेघा होत्या, गाठी होत्या, तपकिरी-काळ्या छटा होत्या. त्यावर काळी मुंगी काय, झुरळसुद्धा दिसलं नसतं. आणि तीन वर्षांपूर्वी मला ती नक्षी आवडली कशामुळे? "मळखाऊ आहे, धूळ दिसत नाही." आपण बायका फरशी निवडताना हाच गुण पाहतो. धूळ दिसत नाही तिथे मुंगीही दिसत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

या वेळी मी दुकानात वेगळीच परीक्षा केली. पर्समध्ये मोहरी आणि राळ्याचे दाणे बांधून नेले. टाइल जमिनीवर ठेवायला लावली, वर दाणे टाकले आणि उभी राहून पाहिलं. दुकानातला मुलगा माझ्याकडे बघत राहिला. संगमरवरी रेघांच्या टाइलवर मोहरी हरवली. करड्या ठिपक्यांवर हरवली. एका साध्या, फिक्या, चकाकी नसलेल्या टाइलवर मोहरी लगेच दिसली, राळ्याचा दाणा थोडा वाकल्यावर. तीच घेतली. चकाकी नसल्यामुळे घसरायची भीती कमी आणि खिडकीचं ऊन डोळ्यांत जात नाही. दोन्ही गोष्टी म्हाताऱ्या माणसाला हव्याच असतात.

हो, फिक्या फरशीवर आपल्या चंद्रपूरची काळी धूळ दिसते. दिवसातून दोनदा पुसावं लागतं. आधी मऊ कुंच्याने हलक्या हाताने झाडून घ्यायचं, मग गाळलेल्या पाण्याने पुसायचं. फिनाईल नाही. काम वाढलं हे खरं आहे. पण आता दिसतं म्हणून पुसते. आधी दिसत नव्हतं म्हणून घर स्वच्छ आहे असं समजत होते.

खोली करण्याआधी एक कागदी काम विसरू नका. मंजूर नकाशात ती जागा पार्किंग म्हणून दाखवली असेल तर बदल करण्यापूर्वी नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत विचारून घ्या, परवानाधारक इंजिनिअरला दाखवा. आणि गॅरेजात पेट्रोल, ऑइल, रंगाचे डबे असतील तर माणूस झोपायला येण्याआधी एकूण एक बाहेर काढा. शटरच्या जागी भिंत, दार आणि मोठी खिडकी करा. हवा खेळली नाही तर कुठलीही फरशी ओल धरेल. उंबरठा ठेवू नका, वॉकर अडतो. आम्ही आतली जमीन घराच्या पातळीला आणली आणि बाहेर हलका उतार दिला.

जाऊबाई अक्षय्य तृतीयेला आल्या. भगवान ऋषभदेवांच्या पहिल्या आहाराचा दिवस, म्हणून घरात उसाचा रस होता. त्यांनी खोलीभर वॉकर फिरवला आणि म्हणाल्या, "फरशी अगदी दवाखान्यासारखी घेतलीस गं." मला जरा लागलं. त्या सागवानी टाइलचं सौंदर्य हिच्यात नाही, हे मी मान्य करते. पाहुणे येतात तेही काही कौतुक करत नाहीत.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी मी त्यांना जेवायला बोलवायला गेले. सूर्यास्ताआधीची घाई होती. त्या खोलीच्या मध्यात वॉकर धरून उभ्या होत्या. मी म्हटलं, "चला ना, उशीर होतोय." त्या म्हणाल्या, "थांब जरा. रांग चालली आहे." खिडकीखालून दारापर्यंत काळ्या मुंग्यांची ओळ होती, तोंडात पांढरी अंडी घेऊन. शहाऐंशी वर्षांच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बाईला ती उभ्याने दिसली होती. आम्ही दोघी पाच-सात मिनिटं थांबलो. त्या दिवशी त्यांचं जेवण अर्धवट झालं, कारण दिवस मावळला. त्यांनी तक्रार केली नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, गॅरेज जरूर रिकामं करा. कुणाच्या तरी म्हातारपणाला ती जागा उपयोगी पडेल, कदाचित आपल्याच. पण दुकानात जाण्याआधी प्लास्टिकचा तुकडा चिकटवून एक रात्र वाट पाहा, आणि जाताना पर्समध्ये मोहरी न्या.

जय जिनेंद्र.